जाळीमागचं अस्तर

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते दोन दिवस तसंच टेबलावर टाकून ठेवलं असशील. अक्षर तुझ्या बाबाचं आहे, पण बोलणं माझं आहे, तेव्हा वाचायला हरकत नाही. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र देवाने दोन माणसांचं दिलंय. बाबाला मी आधीच अट घातली आहे की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, गाळायचं नाही, सुधारायचं नाही आणि मध्ये तोंड घालायचं नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर लिहून लिहून त्याचं अक्षर मुंगीएवढं झालंय, त्याला म्हटलं जरा मोठं काढ, पोरीचे डोळे आधीच त्या कॉम्प्युटरच्या पडद्याने अर्धे केलेत. मी काही गाळलं तर तुला कळणार कसं, असं तो हसत म्हणाला. मी म्हटलं, पोरगी फोनवर वाचून दाखवेल मला. त्यावर तो हसायचा थांबला. सात महिने झाले, तू फोनवर आईशी बोलतेस, माझ्याशी बोलतेस, आणि तो 'दे जरा इकडे' म्हणाला की नेमकी तुझ्याकडची रेंज जाते. आम्ही म्हातारी असलो तरी रेंज कशाने जाते ते कळतं.

घरचं बरं आहे. आईची या महिन्यात कामावर सकाळची पाळी आहे, त्यामुळे दुपारचं जेवण मी आणि बाबा समोरासमोर बसून करतो आणि दोघंही भिंतीकडे बघतो. माझा डावा गुडघा आता जिना चढताना आधी स्वतः बोलतो, मग मला बोलू देतो. बाबाचं एक नवीनच सुरू झालंय. घरातलं कुठलंही बटण बंद करायचं असलं की हा आधी ओरडून विचारतो, 'बंद करू का?' मोरीतला दिवा असो नाही तर स्वयंपाकघरातला पंखा. परवा घरात मी एकटी, डोळ्यांसमोर बसलेली, तरी विचारलं. मी म्हटलं, कर बाबा, माझ्या आयुष्यातला उजेड तेवढ्यावर अडलेला नाही. तो हसला नाही. (आता लिहिताना थांबलाय. म्हणतो हे कशाला सांगतेस. अट आठवण करून दिली.)

तुझी खोली झाडते मी रोज. टेबल रिकामं आहे, तुझा तो कॉम्प्युटरचा काळा डबा तू मित्राला पाठवून नेलास त्याला सहा महिने झाले, पण टेबलाखाली त्याचे चार पाय जिथे टेकायचे तिथे फरशीवर चार पांढरे गोल उरलेत. त्याला डबा म्हटलं की तुला राग यायचा. 'आजी, कॅबिनेट म्हण.' मी म्हणायचे, आमच्या वेळी कपाटाला कॅबिनेट म्हणत, आणि त्यात निदान साड्या तरी मावत. खोटं कशाला बोलू, मला तुझं खेळणं बघायला आवडायचं. कोण कुणाला मारतंय ते मला कधी कळलं नाही, पण कानावर ते मोठाले कर्णे चढवून तू तुझ्या चार जणांना हुकूम सोडायचीस, 'तू डावीकडे, तू थांब, मी येते,' तेव्हा मला आमच्या शिंपीदुकानातले मोठे मास्तर आठवायचे. चाळीस वर्षं मी त्यांच्याकडे कोटांना अस्तर लावलं. कोट शिवणारा वेगळा, त्याला नाव. अस्तर लावणारी मी, मला कोण विचारतंय. पण मास्तर म्हणायचे, गिऱ्हाईक कापड बघून घेतं आणि अस्तरामुळे परत येतं. हे मी तुला शंभरदा ऐकवलंय, आणि तू शंभर वेळा 'हो आजी' म्हणालीस, न ऐकता.

त्या डब्याला दर रविवारी तू खाली बसून साफ करायचीस. पुढची झाकणी काढायची, तिच्या मागची काळी जाळी काढायची, जुन्या दातांच्या ब्रशने घासायची, आणि शिंका देत बसायची. मी म्हटलं, हे माझ्याकडे दे, तुझ्या शिंका मोजून मी दमले. तू आनंदाने दिलंस. मग दर रविवारी तू झोपलेली असताना मी जाळी काढायचे, धुवायचे, पुसून परत बसवायचे. उठल्यावर तू म्हणायचीस, आजी, असली सर्व्हिस कंपनीवालेही देत नाहीत. साठीनंतर कामाचं कौतुक फार कमी वेळा कानावर पडतं गं. ते ऐकायला मी रविवारची वाट बघायचे.

मग डबा तापायला लागला. थंडीचे दिवस, आम्ही सगळे स्वेटरात, आणि तुझ्या खोलीत शेगडी पेटवल्यासारखी ऊब. पडद्याच्या कोपऱ्यात डबा किती तापला त्याचा तू आकडा लावून ठेवला होतास, तो नव्वदच्या पुढे गेला की तुझा चेहरा पडायचा. सगळं करून पाहिलंस. मधल्या चिपवरचं ते दंतमंजनासारखं पांढरं पुसून नवीन लावलंस. पंखे बदललेस. बाजूची काच काढून टेबलफॅन लावलास तर आकडा उतरायचा, काच बंद केली की परत चढायचा. शेवटी महिनाभर लोकांच्या पोरांना गणित शिकवून तू तो पाण्यावर चालणारा कूलर आणलास. विजेच्या डब्यात पाणी, मी म्हटलं ही पोरगी आता घर उडवणार. तेव्हा तू मला खाली बसवून समजावलंस. आजी, याला श्वास लागतो. पुढून थंड हवा आत आली पाहिजे, मागून गरम बाहेर गेली पाहिजे. पुढून हवाच आली नाही तर कितीही भारी कूलर लावा, तो गरम हवाच फिरवत बसणार. तितक्यात तुझ्या मैत्रिणीचा फोन आला. ती तुला काहीतरी विचारत होती, आणि तू म्हणालीस, 'जाळीकडे बघायलाच नको, ती आमची आजी धुते.'

भिंगरी, ते वाक्य तू विसरली असशील. मी नाही विसरले.

कारण त्याच्या दीड महिना आधी, डबा तापायला लागण्यापूर्वी, जाळी धुताना मी ती उजेडासमोर धरून पाहिली होती. भोकं बघून मला हसू आलं. एवढ्या भोकांतून धूळ काय, मुंग्याही कुटुंबासकट जातील. आत पंख्यावर बारीक धूळ दिसतच होती. मला वाटलं, हा तर बिनअस्तराचा कोट. पेटीत काळ्या अस्तराचा तुकडा होता, मऊ, घट्ट विणीचा. दोन पदरी कापला, जाळीच्या आतल्या बाजूने लावला, बाहेरून दिसणार नाही असा टाका घालून. काळ्यावर काळं. मास्तरांनाही सापडलं नसतं. पुढच्या रविवारी बघितलं तर आत धुळीचा कण नाही. मी स्वतःवरच खूश. तुला सांगणार होते, मग वाटलं, आपोआप कळेल तेव्हा मजा येईल.

(तुझ्या बाबाने पेन खाली ठेवलं होतं. पाणी पिऊन आला. लिहितो म्हणालाय.)

तर तू श्वासाचं सांगितलंस आणि त्याच घडीला मला कळलं. चाळीस वर्षं अस्तर लावणारीला कोट गरम कशाने होतो हे कुणी शिकवायला नको. बोलायला तोंड उघडलं होतं. पण तू फोनवर हसत म्हणत होतीस की आमची आजी धुते, आणि मला लाज वाटली. वाटलं, कशाला आत्ता, उद्या दुपारी कुणी नसताना दहा मिनिटांत उसवून टाकू, कुणाला कळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, खाली बसता येईना. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू नवा कूलर बसवलास, काच लावलीस, अर्धा तास चालवून बघितलंस आणि नाचत बाहेर आलीस, 'आजी, सत्तरच्या वर गेला नाही.' मी मनाला सांगितलं, झालं की, आता कशाला उसवायचं. चोराला आणि म्हातारीला कारण लगेच सापडतं.

रविवारी दुपारी तुमचा तो मोठा सामना. अर्धा तास नाही, तीन तासांचा. जिंकलात तर पुढची फेरी. त्याच्या आठवडाभर आधी बाबाची आणि तुझी वाजली होती, परीक्षेवरून, आणि हा रागाने बोलून गेला होता की एक दिवस तुझ्या खोलीचं बटणच खाली ओढतो. बोलण्यात हा पहिल्यापासून शूर, करण्यात शेळी. (हे पण लिही.) त्या दुपारी स्वयंपाकघरातली ट्यूब लुकलुकत होती म्हणून हा पॅसेजमध्ये स्टुलावर चढून बोर्डाशी खुडबुड करत होता. तुझ्या खोलीत थंडीमुळे पंखा बंद, भर दिवसा दिवा कशाला असेल, म्हणजे वीज आहे की गेली हे कळायला काहीच नाही. पडदा काळा झाला, तू बाहेर धावत आलीस, आणि तुला दिसला बाबा, बोर्डावर हात ठेवलेला. पुढचं तुला मी काय सांगू. तू जे बोललीस ते भिंतींनी ऐकलं. तो एवढंच म्हणत राहिला, 'मी हात नाही लावला, शपथ.' तू म्हणालीस, शपथ घेऊ नका, तुम्ही बोलला होतात. मी तिथेच होते, आरामखुर्चीत, मांडीवर मटारांचं ताट. मला ठाऊक होतं, तो डबा श्वास कोंडून, तापून आपोआप बंद पडला. मी मटार सोलत राहिले.

तुमचा संघ हरला, तुझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. सोमवारी सकाळी तू बॅग भरून मैत्रिणीकडे गेलीस. आणि दुपारी मी तुझ्या खोलीत गुडघा मोडून बसले आणि ते अस्तर उसवलं. एकही धागा मागे ठेवला नाही, काम चोख. नंतर तुझा मित्र डबा न्यायला आला तेव्हा त्याने इथेच चालवून बघितला, दोन तास, आणि फोनवर तुला सांगितलं की मशीनमध्ये काहीच दोष नाही, बर्फासारखं थंड चालतंय. त्या वाक्याने तुझी खात्री झाली. मशीन चांगलं, म्हणजे बाप खोटा. तो पुरावा मी तयार केला, माझ्या हाताने, कात्रीने. तुला मी दोनदा बुडवलं, आणि याला एकदा, पण याचं अजून चालूच आहे.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी विनोद करते, तू हसतेस, आणि 'जाऊ दे गं आजी' म्हणून मला सोडून देतेस. तुझ्या आईकडून लिहून घेता आलं असतं, ती भराभर लिहिते. पण मग याला वेगळं सांगावं लागलं असतं, आणि माझ्याकडे धीर होता एकदाच सांगण्याइतका. म्हणून आज दुपारी याला समोर बसवलं आणि सांगितलं, लिही. तुझ्याबरोबर तोही हे पहिल्यांदाच ऐकतोय. मला वाटलं होतं रागावेल. रागावला नाही, फक्त अक्षर आणखी बारीक झालंय. आत्ता मी त्याला सांगितलं, लिही, 'तुझ्या बाबाने बटण बंद केलं नव्हतं.' तो म्हणतो, आई, हे मी माझ्याच हाताने लिहिलेलं ती खरं कसं मानेल? बरोबर आहे त्याचं. म्हणून त्याला दुकानाच्या शिक्क्याची शाई आणायला लावली आहे. ही ओळ मी बोललेली आहे याला खाली माझा अंगठा साक्ष आहे. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, मी काही लगेच मरत नाही. आधी याला फोन कर. आई संध्याकाळी चारला येते, त्याच्या आधी तासभर मी खाली बागेत बसेन, घरात हा एकटाच असेल.

तुझीच,
आजी
(डाव्या हाताचा अंगठा)