शुभदाच्या वादळाचे बाण

१४ नोव्हें. ९४
दिवाळी अंक टीपॉयवर तसाच. माझी कथा यांनी अजून वाचलेली नाही. वरच्या मजल्यावर शुभदाकडे मात्र तासभर. ती शिकवते त्या अंबरनाथच्या शाळेत येत्या सोमवारी विज्ञान प्रदर्शन, मुलींकडून चक्रीवादळाचं मॉडेल करून घ्यायचंय. हे वेधशाळेत नकाशे काढतात, मग विचारणार कुणाला?
जिन्यात ऐकू येत होतं. "समुद्र तापला की वाफ वर चढते. खाली दाब कमी, मग चहूकडून वारा धावतो."
"दादा, तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं!"
दादा म्हणते. म्हणू दे.

१६ नोव्हें.
जेवताना मुद्दाम विचारलं, वादळाच्या डोळ्यात काय असतं?
"काही नाही. शांत. भोवती ढगांची भिंत, सगळा जोर तिथे."
"मग लोक बाहेर येत असतील."
"येतात ना, संपलं समजून. मग भिंतीची दुसरी बाजू येते." भात कालवता कालवता, "तुला कधीपासून रस?"
आमटी वाढली.

१८ नोव्हें.
अरबी समुद्रात खरंच वादळ. हे कालपासून ऑफिसातच, रविवारपर्यंत घरी नाहीत. इथे बेलवलीत नुसतं ढगाळ, कपडे वाळेनात.
बरं वाटलं. ऑफिसात आहेत म्हणजे वर नाहीत. काय हे माझं...

२० नोव्हें.
शुभदा बोलवायला आली. "वहिनी, बघून तरी जा." पुठ्ठ्याचा निळा समुद्र, कापसाचे ढग, मधे डोळा. भोवती लाल बाण, प्रदक्षिणेच्या दिशेने.
चुकलेत. लग्नानंतर गावातल्या देवळात यांनीच सांगितलं होतं, आपल्याकडचं वादळ प्रदक्षिणेच्या उलट फिरतं. इतक्या वर्षांत मला सांगितलेलं तेवढंच.
गप्प बसावं, होऊ दे उद्या हसं, असं आलं मनात. पण शाळेतल्या पोरी बोटांचा डिंक खरवडत माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
"शुभदा, बाण उलटे आहेत गं. काढले कुणी?"
"दादांनीच की! मी पोहे परतत होते, गप्पा चालल्या होत्या, बोलता बोलता काढून दिले. त्यांचं चुकेल होय?"
चुकत नाही. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही नकाशावर यांचा हात चुकला नव्हता. तिच्या स्वयंपाकघरात बसून चुकला.
"वहिनी, बदलू का?"
म्हटलं, नको. सकाळी त्यांनाच विचार, निघण्याआधी मॉडेल खाली घेऊन ये.
हे संध्याकाळी आले, अंघोळ करून झोपले. बाणांचा विषय मी काढला नाही. ती विचारेल तेव्हा मला समोर असायचंय. यांचं तोंड बघायचंय.