तारेत ओवलेले वायसर

३ ऑक्टोबर २००२

अब्बांच्या दमामच्या बॅगेची चाकं काढली. चारही. अम्मीने पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं — "मेल्या, बापाची बॅग ती! आता ओढायची कशी?" अब्बा खाटेवरूनच म्हणाले, "काढू दे, साबेरा. मना आता खय जायचाय?"

मी पाना घेऊन बाहेर आलो.

५ ऑक्टोबर

ओमकारकडे केबलवर पुन्हा ते दाखवलं. माणसं लांब फळीवर उताणी झोपतात, पाय पुढे, आणि घाटातून मोटारीच्या वेगाने खाली! ब्रेक नाही. थांबायचं तर बुटांचे तळवे रस्त्याला घासायचे. स्ट्रीट लूज म्हणतात. उभ्याने चालवायची ती स्केटबोर्ड मुंबईत मिळते म्हणे, पण किंमत ऐकून बसायलाच होतं. ही झोपायची तर कुठेच मिळत नाही. ओमकार म्हणाला, "आपण बनवू रे!" आपण म्हणजे मी. तो नुसता म्हणणार.

९ ऑक्टोबर

बॅगेची चाकं आमच्या मांडवीच्या रस्त्यावर दोन मिनिटंही टिकली नाहीत. दोन फुटली, एक निखळलं, चौथं गटारात. कोपर सोललं. बरोबरच आहे — ती चाकं विमानतळाच्या फरशीसाठी, आमच्या खडीसाठी नाहीत.

पण एक झालं. अब्बा म्हणाले, "आण बघू ती चाका." तिकडे आखातात, दमामच्या गोदीत क्रेनवरून पत्रा सुटला, दोन्ही पाय मांडीपासून गेले, त्याला वर्ष होऊन गेलं. घरी आल्यापासून तोंड भिंतीकडे. पाणीसुद्धा मागत नाहीत, दिलं तर पितात. आज स्वतःहून काही मागितलं! फुटलेलं चाक हातात फिरवलं आणि म्हणाले, "ह्याच्यात बेरिंगच नाय. नुसता खिळा. कसा टिकेल?"

अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला.

१४ ऑक्टोबर

मिरकरवाड्याच्या बंदरात मी वेल्डिंग करतो त्या वर्कशॉपमागे भंगाराचा ढीग आहे. बोटींच्या पंपांची जुनी बेरिंगं शोधली, रॉकेलमध्ये टाकून गंज काढला. तीच चाकं म्हणून लावली. आवाज असा की मांडवीतली सगळी कुत्री मागे! घरी येईपर्यंत दात खुळखुळत होते.

अब्बा म्हणाले, "लोखंड डांबराला धरत नाय. रबर हवा."

कुठून आणू रबर?

२८ ऑक्टोबर

मिळालं! मामाच्या गावच्या भातगिरणीत टरफल काढायचे रबरी रोलर असतात. झिजले की फेकून देतात. गिरणवाल्याने दोन असेच दिले, वर विचारलं, "करणार काय याचं?" सांगितलं असतं तर परत काढून घेतले असते. नायलॉनची चाकं टर्नरकडून काढून घेतली, आत बेरिंग बसवलं, वरून रबराची पट्टी पंक्चरवाल्याकडे चिकटवून भाजून घेतली. कडक तरी धरणारं.

फणसाची फळी होडीवाल्या सुतारांनी दिली. एक टोक शेकून जरा उचलून दिलं, होडीचं नाक उचलतात तसं.

१२ नोव्हेंबर

रोजा. रबर घासताना तोंडात सगळी धूळ, चूळही भरता येत नाही. तरी वर्कशॉपची सुट्टी झाली की घरी पळतो, कारण अब्बा वाट बघतात. खरंच बघतात.

आज शिव्या खाल्ल्या. आस काढला आणि नट, वायसर भुईवर टाकले. "असा टाकतात? काढलंस त्याच क्रमान तारेत ओवायचा. मग दुसऱ्यानी बसवला तरी चुकत नाय." तारेचा तुकडा घेऊन स्वतः ओवून दाखवलं — नट, वायसर, वायसर, नट — आणि टोकं पिळून गोल कडं केलं. गोदीत तीस वर्षं हेच केलंय म्हणाले. आसाखाली जीपच्या शॉकअपचे रबरी बुश घालायचे, म्हणजे अंग झुकवलं की गाडी वळेल, हेही त्यांनीच सुचवलं. माझं डोकं तिथवर गेलंच नव्हतं.

२१ नोव्हेंबर

भाट्याच्या पुलापलीकडे पावसच्या घाटात मी आणि ओमकार. पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत! डोक्याला कुणाचं तरी हरवलेलं हेल्मेट, कोपर-गुडघ्यांना मासेमारीचं जाळं तरंगायला लावतात ते प्लास्टिकचे बोये अर्धे कापून बांधलेले, बुटांना टायरचे तळवे. ओमकार पोट धरून हसला. मग स्वतः बसला आणि हसणं बंद.

घरी सांगितलं. अब्बांनी सगळं विचारलं — वळण कसं, वारा कुठला, खडी कुठे. मग म्हणाले, "मना बसव त्याच्यावर."

मी पटकन बोलून गेलो, "पाय नाहीत तर थांबणार कसे?"

जीभ चावली. ते मात्र हसले! "हाताना काय झालाय?"

१ डिसेंबर

हातब्रेक. दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे, खाली ट्रकच्या टायरचे तुकडे. दांडे ओढले की टायर रस्त्याला घासतं. वेल्डिंग माझं. फळीला धरायला चार बोल्ट. मी बोल्टही वेल्ड करणार होतो, अब्बा नको म्हणाले. "बाहेरून काढता येतील असे ठेव. रबर झिजला की बदलायचा कसा?"

बरोबर आहे.

६ डिसेंबर

ईद. अब्बांनी दाढी केली, नवा सदरा घातला, दारात खुर्चीवर बसले. माणसं भेटून गेली. अब्बांसाठी अम्मीने रेक्झिनच्या दोन पिशव्या शिवल्यात, आत काथ्या भरलेला — मांड्यांना बांधायला, घासू नयेत म्हणून. शिवताना तोंडाचा पट्टा चालू होता, "बाप तसा पोर, दोघाना बांधून घाला." पण टाके बघितले. लग्नाच्या कपड्यालासुद्धा इतके बारीक घालत नाही.

२८ डिसेंबर

अब्बा उतरले!

ओमकारच्या काकाच्या टेम्पोतून वर नेलं. जीपच्या पट्ट्याने फळीला बांधलं. आधी खालचाच तुकडा. मी शेजारून धावत होतो, मग मागे पडलो. शेवटचं वळण आलं तसे अब्बांनी दांडे ओढले, टायरचा धूर निघाला आणि माझ्या बापाची गाडी वळणाच्या आधी थांबली. मी धापा टाकत पोचलो तर डोळ्यांतून पाणी, आणि तोंड हे एवढं उघडं! "वारा लागला रे," म्हणाले. "वर्षान वारा लागला."

मला रडू आलं. लिहायला काय लाज.

१२ जानेवारी २००३

आज पूर्ण घाट. अब्बा खाली झाडाच्या सावलीत थांबले, फळीवर बसूनच. मी आणि ओमकार टेम्पो घेऊन वरून उतरत होतो. मुंबई पासिंगची सुमो तिथे थांबलेली. एक बाई उतरली, अब्बांपाशी वाकली आणि त्यांच्या पुढ्यात पाच रुपयांचं नाणं ठेवलं.

मी चालत्या टेम्पोतून उडी मारली. "ओ बाई! भिकारी नाहीत ते!" बाई घाबरली, सॉरी सॉरी म्हणाली. बाई चांगली होती. तेच जास्त वाईट.

अब्बा म्हणाले, "ओरडतंस कशाला? चाकाच्या फळीवर बिनपायाचा माणूस. तिना दुसरा काय वाटणार?" नाणं उचललं, खिशात ठेवलं.

तीन महिने खपून मी बापासाठी काय बनवलं? स्टँडवर भीक मागतात ती गाडी. माझ्या लक्षातच आलं नाही!

१५ जानेवारी

भिंतीकडे तोंड.

१९ जानेवारी

तसेच. अम्मी म्हणाली, "काय झाला रे घाटात?" मी सांगितलं नाही.

२७ जानेवारी

बोलले! सकाळी चहा मागितला, दाढी केली. अम्मीला हाक मारून जवळ बसवलं, किती वेळ काहीतरी बोलत होते. म्हणाले, "पुढल्या आठवड्यात जाऊया परत घाटात." बरं वाटलं. त्या बाईचं मी उगाच मनाला लावून घेतलं.

२ फेब्रुवारी

ब्रेकच्या रबराची झीज बघतो म्हणाले. पाना मागितला. दिला.

३ फेब्रुवारी

अब्बा गेले.

६ फेब्रुवारी

लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

मी वर्कशॉपला, अम्मी बाजारात. अब्बांनी शेजारच्या महिपतकाकांची रिक्षा बोलावली. काकांनी त्यांना उचलून बसवलं, फळी टपावर बांधली, घाटात वर नेऊन फळीवर ठेवून पट्टाही बांधून दिला. "उमेर येतोच आहे, तुम्ही जा," म्हणाले. काकांना परतीचं भाडं होतं, ते निघाले. अब्बा शेवटच्या वळणावर थांबले नाहीत. सरळ जांभ्याच्या कठड्यावर.

मी पोचलो तेव्हा चादर घातलेली होती. फळी कडेला पडली होती. ब्रेक नव्हता. दांडे नाहीत, टायर नाही. चार भोकं. स्वच्छ, गोल. बोल्ट तुटला तर अर्धा भोकात राहतो, नाहीतर लाकडाचा लचका तोडून जातो. हे माझं रोजचं काम आहे, मला कुणी शिकवायला नको. ब्रेक तुटला नव्हता. पान्याने काढला होता. मी दिलेल्या पान्याने.

हवालदाराने विचारलं, "ह्याला ब्रेक होता ना?"

माझ्या तोंडून निघालं, "होता. माझं वेल्डिंग कच्चं राहिलं. तुटून कठड्यावरून खाली खाडीत गेला असणार."

महिपतकाका मागे रडत होते — "तू येणार म्हणाले म्हणून रे सोडला मी!" मी म्हटलं, "मीच बोलावलं होतं त्यांना. मला उशीर झाला."

आपला जीव आपण घेणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते मला माहीत आहे. जनाज्याला किती जण आले असते? अम्मीकडे लोकांनी कसं बघितलं असतं? जन्मभर! त्यापेक्षा पोराच्या जुगाडाने बाप मेला, हे बरं. मशीद भरून माणसं होती. मातीला जागा नव्हती इतकी माणसं.

पोलिसांनी त्यांच्या खिशातलं दिलं. घड्याळ. आणि पाच रुपयांचं नाणं.

७ फेब्रुवारी

अम्मी. मय्यत घरी आणली तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यासमोर छाती पिटून ओरडली, "ह्यान मारलान माझ्या माणसाला! ह्याच्या ब्रेकान मारलान!" मी मान खाली घातली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझं ताट झाकून खिडकीत ठेवते.

म्हणू दे. तिला तरी कुणाला तरी म्हणता येतंय.

१६ फेब्रुवारी

काढलेला ब्रेक गेला कुठे? घरभर शोधला. खाटेखाली, माळ्यावर, विहिरीपाशी. दुसऱ्या कुणाला सापडला तर सगळं संपलं.

२४ फेब्रुवारी

वर्कशॉपच्या मालकाने बोलावून घेतलं. खूप आढेवेढे घेतले, पण अर्थ एकच — माझ्या हाताचं वेल्डिंग असलेली बोट पाण्यात न्यायला तांडेल तयार नाहीत. "तुझा दोष नाय रे, पण लोक..." मी हो म्हटलं आणि घरी आलो. माझं वेल्डिंग बंदरात सगळ्यात पक्कं आहे. हे आता कुणाला सांगायचं?

३ मार्च

ओमकार आला. बराच वेळ बसला. म्हणाला, "तुझं वेल्डिंग तुटणार नाही, मी बघितलंय." मी म्हटलं, "तुटलं." तो गेला. आता येणार नाही बहुतेक.

१४ मार्च

आज चाळिसावा झाला. पाहुणे गेले. अम्मीने दार लावलं, तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेले दोन दांडे बाहेर काढले. सोबत तारेचं कडं. चार बोल्ट, चार नट आणि वायसर, क्रमाने ओवलेले.

"त्याना आणायच्या आधी मी खाट झाडूक गेले," ती म्हणाली. "उशीखाली होता."

म्हणजे अंगणात छाती पिटत होती तेव्हा तिला ठाऊक होतं.

मी काही बोलणार तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग माझं ताट खिडकीतून उचलून आपल्या ताटाशेजारी मांडलं.

"जेव," म्हणाली.