हिरव्या फाटकाचा पत्ता

मानाग्वा,
१२ ऑगस्ट, मंगळवार

आर्लेनताई,

तुला आणि रॉजरदाजींना नमस्कार. इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण पुढे ते खोटं पडेल, म्हणून नाही लिहीत. केलिंगचे पुढचे दोन दात पडलेत. जो भेटेल त्याला ओठ वर करून दाखवते. तुझ्या घराचं छप्पर मोरीवर गळत होतं तिथे पत्रा मारून घेतला. फाटकाला पुन्हा हिरवाच रंग दिला. आता वाटतं दुसरा कुठला तरी द्यायला हवा होता.

हे पत्र दोन्या कोको तुझ्या हातात देईल. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाची. तिची लेक तुमच्या तिकडे बाळंत व्हायचीये, म्हणून ती येतेय. मी फोनवर बोलले असते, पण फोनवर तू माझ्या आवाजावरून ओळखतेस, मग मी रडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. माझं लिहिणं तुला माहीत आहे. चुका असतील, सांभाळून घे.

आधी एक विचारते. एल्विनचा तुला मधे फोन आला होता का? तू नेहमीचंच सांगितलंस ना, की मी आणि पोरगी तुझ्याकडे कोस्टा रिकाला आहोत म्हणून? दीड वर्ष तू माझ्यासाठी हे बोलत आलीस. दाजींना ते आवडत नाही हेही मला माहीत आहे. पण ताई, त्या खोट्यामुळेच आम्ही या घरात पाय पसरून झोपलो; तुझं इथे घर आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी चिनान्देगाहून निघाले तेव्हा त्याने मोडलेलं मनगट प्लास्टरमध्ये होतं, त्याचं मला काही नाही. बाप असून त्याने केलिंगला अकरा दिवस उचलून नेली होती, कुठे ते सांगितलं नव्हतं, ते आहे. परत आणून दिली तेव्हा म्हणाला होता, "पुढच्या वेळी तुला दिवस मोजायला लागणार नाहीत." हे तुला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सांगते.

फोन आला नसेल तर त्याचंही कारण मला कळलंय. सांगते, पण क्रमाने सांगू दे, नाहीतर मला जमायचं नाही.

तुला कॉलेजचं ऐकायचं असतं ना. मी वेबसाइट करायला शिकले. खरंच. सहावीत शाळा सुटलेली बाई, मग रविवारच्या शाळेत बाकीच्या इयत्ता कशाबशा काढलेली, ती आता कॉम्प्युटरला सांगते की हे बटण दाबलं की ते उघड. वर्गातली पोरं अठराची, मी तेवीसची. सगळी मला मम्मी म्हणतात. "मम्मी, भूक लागली," "मम्मी, हा मला मारतो." चांगली आहेत.

मार्बेलीबाई शिकवतात. मला कळेल असं सांगतात. वेबसाइट म्हणजे रस्त्यावर तळण विकणाऱ्या फ्रितांगावालीची गाडी, म्हणाल्या. तू पुढून मागतेस, ती मागून काढून देते, तव्यापाशी तुला येऊ देत नाही. ते मला लगेच समजलं. मग आलं दोन वेबसाइटींनी एकमेकींना माहिती द्यायचं. तिथे गप्पा चालत नाहीत. प्रत्येक गोष्ट आपापल्या कप्प्यात हवी आणि कप्प्यावर नाव हवं. नाव या कप्प्यात, वय त्या कप्प्यात. तसं असलं तरच पलीकडच्या कॉम्प्युटरला न विचारता कळतं.

आमचं काम असं होतं की आरोग्यसेविका घरोघरी लस द्यायला जातात, त्यांच्यासाठी वेबसाइट करायची. खरी नाही, वर्गापुरती. एका गटाने घरांची माहिती द्यायची, बाकीच्या गटांनी ती घ्यायची. पुस्तकात पत्त्याचे कप्पे होते: रस्त्याचं नाव, घर नंबर आणि पोस्टाचा आकडा. सगळ्यांनी मुकाट्याने खोटे नंबर भरले.

मी म्हटलं, "बाई, असा पत्ता मानाग्वात कुणाचा आहे?"

हादेर म्हणून एक आहे, तो म्हणाला, "मम्मीचं घर पुस्तकात मावत नाही."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तू मावेल असे कप्पे कर."

मी केले, ताई. तीन दिवस बसून केले. पहिल्या कप्प्यात खूण. दुसऱ्यात त्या खुणेपासून कुठे, तळ्याकडे, डोंगराकडे, वर म्हणजे उगवतीला की खाली म्हणजे मावळतीला. मग किती गल्ल्या. मग घराची ओळख. आपण रोज तोंडाने सांगतो तेच, फक्त तुकडे करून. पण करून दाखवायला एक खरं घर लागतं, नाहीतर माणूस पोचतो की नाही ते कळणार कसं? मी आपलंच घातलं. जिथे साबणाचा कारखाना होता तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक वर, हिरवं फाटक, पायरी तुटलेली.

आणि शनिवारी सकाळी हादेर आला. कधी या भागात पाऊल न टाकलेला मुलगा. हातात फोन, फोनवर माझे कप्पे. कुणालाही न विचारता थेट तुझ्या दारात. "मम्मी, कॉफी दे, मी डेटा आहे, पोचलो." मी त्याला कॉफी आणि मक्याच्या कुरकुरीत रोस्कीया दिल्या. मला इतका आनंद फार वर्षांत झाला नव्हता. सोमवारी बाईंनी सगळ्या वर्गासमोर दाखवलं. मग ते काम कॉलेजच्या पानावर टाकलं, कुणीही बघावं असं. खाली माझं पूर्ण नाव. याओस्का देल सोकोर्रो, दोन्ही आडनावं. मीच म्हटलं होतं पूर्ण टाका. माझं कधी कुणी कुठे नाव टाकलं नव्हतं.

तू आता कपाळाला हात लावला असशील. लाव.

गेल्या गुरुवारी दुपारी दोन्या कोकोच्या दुकानात एक माणूस आला. मी कॉलेजात होते. केलिंग दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्या नातीबरोबर खेळत होती, म्हणजे त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर. त्याने कोकाकोला घेतला आणि कागद काढून वाचून दाखवला. दोन्या कोको मला म्हणाली, "अगं, माणसं पत्ता सांगतात तेव्हा मधे चार गोष्टी बोलतात. हा यादी वाचल्यासारखा वाचत होता. खूण, मग तळं, मग वर, मग फाटक, मग पायरी. मला वाटलं, ही तर आपल्या याओस्काची तऱ्हा."

तिने त्याला विचारलं, "साबणाचा कारखाना म्हणतोस तो कुठला बाबा? भूकंपाआधीचा की नंतरचा?"

तो म्हणाला, "दोन आहेत?"

"आता एकही नाही. पण होते दोन. हा नंतरचा. हिरवी फाटकं आधीच्याकडे पुष्कळ."

आणि त्याला तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवला. चिनान्देगाचा माणूस, गेला. जाताना बाटली परत देऊन आभार मानून गेला. तो चारचौघात फार गोड असतो, तुला माहीतच आहे. दोन्या कोकोने हनुवटीवरचा व्रण सांगितला, त्यावरून तो एल्विनच अशी मला खात्री पटली.

कसं सापडलं त्याला, तर माझं नाव इंटरनेटवर टाकून शोधलं असणार. बस. एवढंच लागतं.

शुक्रवारी मी मार्बेलीबाईंना गाठलं. कॉलेजात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, नवरा परगावी असतो एवढंच. बाईंनी ऐकलं आणि माझ्यासमोर ते पान काढून टाकलं. मला वाटलं झालं. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "याओस्का, बाकीच्या गटांनी तुझी माहिती घेतलीये. कामच ते होतं."

म्हणजे ताई, आपल्याकडचं पुसलं की सगळीकडून गेलं असं होत नाही. प्रत्येकाकडे त्याची प्रत राहते. सहा गट, सहा प्रती, आणि काहींनी त्या आपापल्या पानावर टाकलेल्या. मला वर्गासमोर उभं राहून सांगावं लागलं. मनगट दाखवावं लागलं. कुणी मम्मी म्हणालं नाही. सगळ्यांनी तिथल्या तिथे पुसलं. हादेर प्रत्येकाच्या मागे उभा राहून बघत होता पुसलं का. नंतर बाहेर येऊन म्हणाला, "मीच पोचून दाखवलं ना." मी म्हटलं, "तू माझ्या सांगण्यावरून आलास रे." एका गटाचं पान अजून शोधल्यावर दिसतं. उघडत नाही, पण शोधलं की वरच्या दोन ओळी दिसतात. बाई म्हणतात जाईल काही दिवसांत. पण त्याच्याकडे तर कागद आहे.

बाईंबरोबर जाऊन मी पोलिसांत तक्रारही लिहून आले. पुढच्या सोमवारी बोलावलंय.

आता जे लिहायला मी चार पानं घेतली ते लिहिते. पत्त्याखाली अजून तीन कप्पे होते. लस द्यायची तर घरात मूल कोण ते हवं, दिवसा कुठे असतं ते हवं. आई घरी कधी भेटेल ते हवं. मी सगळं खरं भरलं. केलिंग, वय पाच. बालवाडी अमुक, सुटते साडेअकराला. त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानात. आई घरी नसते, दुपारी एक ते पाच.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, ताई. तीनदा तपासलं, कुठे स्वल्पविराम चुकला तर नाही ना म्हणून. एकदाही मनात आलं नाही की हे वाचायला कॉम्प्युटरशिवाय दुसरं कुणी असेल. त्या दिवशी तो अजून खालपर्यंत वाचायचा होता, किंवा आधी घर बघू म्हणाला असेल. दोन्या कोकोने वळवला म्हणून वाचलो. आता त्याने शेवटपर्यंत वाचलं असणार. त्याला घर लागतच नाही. बालवाडीचं फाटक पुरे आहे.

शुक्रवारपासून केलिंग बालवाडीत गेलेली नाही. तिला सांगितलंय सुट्टी लागली.

आता माझं मागणं. दोन्या कोको दारात एकटी आली, पण ती प्रवासात एकटी नव्हती. केलिंग तिच्या लेकीच्या घरी बसलीये. मीच तसं सांगितलं, आधी पत्र वाचू दे, पोरीच्या तोंडाकडे बघून तुला नाही म्हणता येणार नाही असं व्हायला नको. तिच्या दाखल्यावर बापाचं नाव नाही. जन्मली तेव्हा नोंदवायला तो फिरकला नव्हता, तेव्हा मी किती रडले होते, आणि काल त्याच्यामुळेच माझ्या एकटीच्या सहीवर तिचा देशाबाहेर जायचा परवाना झाला. कागद पिशवीत आहेत. दाजींना सांग, नाही जमलं तर दोन्या कोको तिला परत आणील, मी राग धरणार नाही.

तू विचारशील मी का नाही आले. दीड वर्ष तू त्याला सांगितलंस आम्ही तुझ्याकडे आहोत. आता त्याला ते खोटं असल्याचं कळलंय, म्हणून तो तुझ्याकडे बघणार नाही. आता तिकडेच ती सुरक्षित आहे. पण मीही नाहीशी झाले तर तो विचार करेल, कुठे गेल्या, आणि बहीण आठवेल. म्हणून मी इथे दिसले पाहिजे. मी रोज कॉलेजात जाणार, त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, केलिंगचा डबा हातात घेऊन. हादेर आणि अजून दोघं मला घरापर्यंत सोडतात. फाटक हिरवंच ठेवलंय. तो इथे येत राहू दे. सोमवारी तक्रारीचं काय होतं ते बघते. भीती वाटते.

तिला भात-राजमा सकाळीच आवडतो, दुपारी नाही. केस विंचरताना ओरडते, लागत नसतं तिला. दात पडलेत म्हणून स नीट म्हणत नाही, हसू नका. आई कधी येणार विचारेल. खोटी तारीख देऊ नकोस, ती लक्षात ठेवते.

पोचली की फोन करू नकोस. आवाजही नको, मेसेजही नको. पंधरा दिवसांनी दोन्या कोको परत येईल. ती दुकानाचं दार उघडेल तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून मला कळेल.

माझी पोरगी तुझ्या पदरात घालून,
तुझी धाकटी
याओस्का