पुलावरची हाक

आल्मेरे,
शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

आज सकाळी सातला उठलो. बाहेर चार डिग्री होतं आणि वारा. हर्षाला दूध आणि पाव दिला, तिने निम्मा खाल्ला. दहा वाजता एक अंडं उकडलं. सव्वादहाला आम्ही दोघं कालव्यावरच्या पुलाकडे गेलो आणि अकराला परत आलो. आल्यावर ती झोपली, अजून उठलेली नाही. आता चार वाजलेत, अंधारायला लागलंय.

फोनवर तू विचारतेस तेव्हा मी बरं आहे म्हणतो. बरं नाही, ताई. हर्षा फोनवर येत नाही कारण ती लाजते, असं मी तुला सांगत आलो. खरं म्हणजे तिची आई गेल्यापासून तिने तोंडातून शब्द काढलेला नाही. आज नऊ आठवडे झाले. त्या शनिवारी त्या दोघी सायकलींवरून पोहण्याच्या शिकवणीला चालल्या होत्या. पुलाच्या मधोमध माय उतरली, सायकल स्टँडला लावली, कठड्याला टेकून खाली बसली आणि तिथेच गेली. मेंदूतली शीर फुटली म्हणाले. कुत्रं फिरवणारा एक माणूस येईपर्यंत हर्षा एकटी तिच्याजवळ उभी होती. सात वर्षांचं पोर. इथल्या फॅमिली डॉक्टर म्हणतात वेळ द्या. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ जानेवारीत मिळाली आहे. पण गेल्या मंगळवारी मी भाजी चिरत होतो आणि मागचं दार वाजलं. बाहेर पाहिलं तर ही कुठेच नाही. पुलावर सापडली. अंगात कोट नाही, कठड्याच्या खालच्या गजावर पाय ठेवून पाण्याकडे वाकलेली. हाक मारली तर मान वळवली नाही. त्या दिवसापासून मी दाराला साखळी लावतो आणि घरून काम करतो. आंघोळीलाही बाथरूमचं दार उघडं ठेवून जातो.

मायला तू दोनदाच भेटलीस. लग्नात तू केलेली थट्टा तिला मी नंतर समजावून सांगितली होती. बायकोचं नाव माय, सासूला म्हणायचं ताय, आता घरात एक गाय आणा म्हणजे झालं, असं तू म्हणाली होतीस. ती इतकी हसली की तिने ते फ्रान्समध्ये नीमला आईला फोन करून सांगितलं. तिचं नाव मात्र मी पहिले तीन आठवडे चुकीचंच घेत होतो. द हेगच्या ऑफिसात तिच्या टेबलावरच्या पाटीवर रोमन अक्षरांत नाव होतं, शेवटी व्ही. मी आपला कँटीनमध्ये भेटली की गुड मॉर्निंग मैव. तिने कधी सुधारलं नाही. शेवटी एकदा म्हणाली, विवेक, तो व्ही म्हणायचा नसतो, तो चढायचा असतो. म्हणजे त्यांच्या मोंग भाषेत शब्दाचं शेवटचं अक्षर उच्चारायचं नसतं. आवाज वर न्यायचा, खाली सोडायचा की सरळ ठेवायचा, एवढंच ते सांगतं. आपल्या जमातीचं नाव ते लिहितात हमूब आणि म्हणतात मोंग. ही लिपीसुद्धा फार जुनी नाही, तिच्या वडिलांच्या लहानपणी पाद्र्यांनी बसवून दिलेली. त्याआधी आमची पुस्तकं होती, पण पळताना नदी ओलांडली तेव्हा ती बुडाली, असं त्यांच्यातली म्हातारी माणसं सांगतात. वडील स्वतः लाओसमधून मेकाँग पोहून आले होते. त्यांना नदी म्हटलं की तीच आठवायची.

मला वाटलं, आपली लिपी जसं बोलावं तसं लिहिते, मग मी देवनागरीत उतरवून घेतो. वही केली. चेंडूला पो, काट्याला पो, वडिलांच्या आईला पो, बघण्याला पो. माय वही चाळून म्हणाली, तुझ्या वहीत मुलाने आजी फेकली काय आणि चेंडू फेकला काय, सारखंच. वही तिथेच बंद झाली. त्यानंतर मी तिची भाषा शिकलो नाही. हर्षा शिकली. माझ्याशी मराठी, शाळेत डच आणि आईशी मोंग, असं तिचं चालायचं. आता तिन्ही बंद आहेत.

मंगळवारचा प्रकार मी सासूबाईंना सांगितला. त्यांचं फ्रेंच आणि माझं फ्रेंच दोन्ही मोडकं, त्यामुळे आमचं बरं जमतं. त्या घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, पोर दचकली तेव्हा तिचा जीव अंगातून पडला आणि तो त्या पुलावरच बसून आहे, म्हणून ती तिकडे जाते. तिला बोलावून आणा. मी म्हटलं, तुम्हीच फोनवरून बोलवा. तर म्हणाल्या, फोनवरून बोलावलेला जीव फोनमध्येच राहतो, जावईबुवा, बापाने जायचं. उकडलेलं अंडं, वाटीभर तांदूळ, तिच्या अंगातलं जाकीट घ्यायचं, नाव घेऊन घरी ये म्हणायचं आणि दारापर्यंत म्हणत यायचं. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. माझ्या मुलीचं नाव तिथे घेऊ नका. नीमला अंत्यविधीच्या वेळी त्यांच्यातल्या जाणत्या माणसाने तासन्‌तास गाऊन मायला वाट दाखवली होती. आल्मेरे, मग द हेग, मग लियों, मग नीम, जिथे जिथे राहिली त्या गावांचे आभार मानत मागे मागे, थेट जन्मल्या घरापर्यंत. ती आता वाटेवर आहे, म्हणाल्या. हाक मारलीत तर वळून बघेल. वळून बघणारा ना इथला राहतो ना तिथला.

तू आता काय म्हणशील ते मला माहीत आहे. आपल्या बाबांनी घरातला शेवटचा ताईत चुलीत घातला, त्या घरचा मी. उतारे आणि अंगात येणं आपण का सोडलं, हे मी विसरलेलो नाही. पण मंगळवारी त्या गजावर तिचे पाय बघितले आणि मग मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी ते केलं असतं.

घरी ये म्हणजे लो चे. सासूबाईंनी आवाज पाठवला, तो मी चार दिवस ऐकला. ऐकताना सगळं कळतं, माझ्या तोंडातून सगळं एकाच पट्टीत बाहेर येतं. लो खाली धरला तर ये. तोच वर चढवला तर मोडणं. म्हणजे आवाज चढला की मी माझ्या मुलीला घरी बोलावण्याऐवजी घर मोड म्हणणार. मला याची इतकी धास्ती बसली होती की काल इस्त्री करताना म्हणत होतो, जिन्यात म्हणत होतो.

आज पुलावर कुणी नव्हतं. वाटी आणि जाकीट धरून उभा राहिलो आणि म्हटलं, हर्षा, लो चे. तीनदा म्हटलं. ती कठड्याकडे बघत होती, जिथे माय टेकली होती तिथे. मीही बघितलं. आणि चौथ्यांदा माझ्या तोंडून निघालं ते माय, लो चे. मोठ्याने. आवाज फाटला आणि वर गेला.

हर्षा वळली. म्हणाली, नाही बाबा, असं नाही. आणि मग लो म्हणाली, खाली, सपाट, अगदी मायसारखा. माय संध्याकाळी मागच्या दारातून तिला जेवायला बोलवायची तसाच. नऊ आठवड्यांनी पोरीचा आवाज ऐकला, मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या हातातली वाटी कलली, तांदूळ सांडला. घरापर्यंत तीच म्हणत आली, प्रत्येक दिव्याच्या खांबाशी थांबून, लो चे, लो चे. नाव तिने कुणाचंच घेतलं नाही. दारात पोचल्यावर ती बाजूला सरली आणि दार धरून उभी राहिली, कुणाला आधी आत जाऊ द्यावं तशी. बराच वेळ. मग आत आली, अख्खं अंडं खाल्लं आणि झोपली.

उद्या सकाळी सासूबाई विचारतील, कुणाला हाक मारलीत. मी सांगणार आहे, हर्षाला. त्या वयात त्यांना मी दुसरं काही सांगू शकत नाही. भुताखेताला मी भीत नाही, ताई. हर्षाने मला तिच्या आईला बोलावताना ऐकलं आणि ती आता वाट बघत बसेल, याला मी भितो. ती उठेल तेव्हा आई आली का असं विचारेल, आणि बोलायला लागलेल्या पोरीला मला पहिलंच उत्तर नाही असं द्यावं लागेल. आणि ती चूक जिभेची नव्हती. चार दिवस मी स्वरांची काळजी करत होतो, नावाची केलीच नाही. दार उघडं होतं तेवढा वेळ मीसुद्धा थांबलो होतो. हे एका तरी माणसाला खरं माहीत असावं म्हणून तुला लिहिलं. यावर मला काही समजावू नकोस. फक्त हे वाचलंस की फोन कर आणि या खेपेला हर्षाला द्यायला सांग. कपड्यांचं मशीन केव्हाचं थांबलंय. उठतो आणि कपडे वाळत घालतो.

तुझाच,
विवेक