अकरा घरी दिलेल्या कुंड्या

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं औषधांचं दुकान आहे हे मला ठाऊक आहे, पण म्हणून दर ओळीत एक गोळी लिहून द्यायलाच हवी का? माझं ठीक चाललंय. छातीच्या डॉक्टरांनी फुलं बंद केली, कातडीच्या डॉक्टरांनी माती. दोघांचं ऐकलं तर हातात उरते फक्त झारी.

परवा अ‍ॅलर्जीची तपासणी झाली. हातावर चाळीस टोचण्या दिल्या, एकतीस फुगल्या. डॉक्टरांनी असा निकाल म्हणे कधी पाहिला नव्हता. उरलेल्या नवांचं काय, असं मी आशेनं विचारलं. त्यात झुरळ आणि मांजर निघालं. त्यांची बाग कशी लावू, सांग.

गच्चीवर मी पोहण्याचा चष्मा, मास्क, कोपरापर्यंत हातमोजे आणि ह्यांचा रेनकोट घालून जाते. हे म्हणतात, चोर आला तर पाया पडून परत जाईल. शेवंती मात्र अशी फुललीय की बघत राहावं. तुझ्या बायकोला सांग, घरातली एवढी एक तरी गोष्ट तिच्या नवऱ्याच्या सल्ल्याविना वाढतेय.

तब्येतीला जपावं आणि मला कमी जपावं.
तुझी अक्का

९ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मी तुझ्याच घरात बसून लिहितोय आणि भाऊजींच्या हाती डब्याबरोबर इस्पितळात पाठवतोय. समोर येऊन सांगायची छाती नाही.

परवा भाऊजी वर आले तेव्हा तू पायरीवर बसली होतीस, ओठ निळे पडले होते आणि हातात कात्री तशीच होती. बेचाळीस वर्षं तुझ्याशी वाद घातलेला माणूस काल स्वयंपाकघरात नुसता उभा होता, गॅस पेटवायचंही सुचत नव्हतं.

म्हणून मी गच्ची रिकामी केली. कुंड्या इमारतीतल्या अकरा घरी वाटल्या. सगळ्यांनी हात जोडून घेतल्या. तू रागावशील. रागाव, पण आधी नीट श्वास घेऊन मग रागाव.

अपराध पोटात घालावा, डबा संपवावा.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

घरी येऊन तीन आठवडे झाले. रागावले नाही. वेळच नाही. पूर्वी एका गच्चीवर जात होते, आता रोज सकाळी अकरा घरी जाते. तळमजल्यावरचे वकील जास्वंदीला उरलेला चहा घालतात. तिसऱ्या मजल्यावर दोन कुत्री आहेत आणि जन्मात न झटकलेला गालिचा. शिंपीणबाईंकडे कापसाचे तंतू उडतात. फुंकायच्या नळीवर माझा आकडा तीनशेवीस असायचा, तो अडीचशेवर घसरला. नवीन काय सुरू केलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. बागकाम सोडलं, असं मी सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले.

एक खरं सांगते, ह्यांना बोलू नकोस. त्या दिवशी शेजारच्या नव्या बाई फुलं बघायला येणार होत्या. मला त्या अवतारात दिसायचं नव्हतं. म्हणून चष्मा, मास्क सगळं खाली ठेवलं, दम्याचा पंपसुद्धा. वारा सुटला होता. त्या आल्याच नाहीत. शेवंतीनं काही केलं नाही रे, माझ्या तोऱ्यानं केलं. पायरीवर बसले तेव्हा वाटलं, संपलं आता, आणि ह्यांना चहाची साखर कुठे आहे तेही माहीत नाही.

अकरा घरांपेक्षा एक गच्ची बरी, म्हणून आता डॉक्टरांनी नियम घातलेत. शेवंती बंद, तीही वकिलांकडेच आहे, त्यांनीच ठेवावी. माती भिजवूनच हात लावायचा, वाऱ्याच्या दिवशी वर जायचं नाही, पंप खिशात. मी कबूल केलंय. कुंड्या तू वाटल्यास, आता तूच गोळा कर.

वाट बघत आहे, हे आशीर्वादासकट कळावे.
तुझी अक्का

१४ मे

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. कुंड्या देताना एक दुपार लागली, परत घेताना चार दिवस. ज्यांनी हात जोडून घेतल्या त्यांनीच दारं लावून घेतली. वकिलांनी तर ताबा कुणाचा यावर मला अर्धा तास ऐकवलं. जास्वंदीच्या बदल्यात त्यांना कलम द्यायचं मी कबूल करून आलोय, ते तू निस्तर.

माझ्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं आहे. गिऱ्हाइकांना मी उष्णता म्हणून सांगतो. तुझ्या भावजयीनं धरून तपासणीला नेलं. निकाल तुला सांगणार नाही, तू पेढे वाटशील.

गच्चीवर उतरवलेल्या कुंड्या मोजल्यास तर वकिलांकडची शेवंती धरूनही एक कमी भरेल. वकिलांवर आळ घेऊ नकोस. मार्चमध्ये तुझं टोमॅटोचं एक मरतुकडं रोप कुणीच घेईना, टाकायला नेलं आणि पिशवीत घालून इथे आणलं. दुकानाच्या मागच्या खिडकीत आहे. काल त्याला वाटाण्याएवढं फळ धरलं. मी शिंकत शिंकत तुझ्या भावजयीला बोलावलं, ती येईना, मग गिऱ्हाइकाला दाखवलं.

रोप एका बाजूला कललंय. काठी रोवू की दोरीनं वर बांधू? उलट टपाली कळव. सल्ला लांबलचक असला तरी चालेल.

तुझा धाकटा