शवपेटीशेजारचे बोलणे

मी अँसेल्म रुबो, वय एकसष्ट, पूर्वी मूकपटांतला नट, हल्ली कादंबरीकार, राहणार नीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीची हमी डॉक्टर देत नाहीत.

कलम एक. माझ्या अकरा कादंबऱ्यांचे हक्क बहिऱ्या मुलांच्या शाळेला द्यावेत.

कलम दोन. तलवार, खोट्या मिशा आणि रंगाची पेटी फिर्मँ गारेलला. हा माझा जिवलग मित्र. याने मला पडद्यावर नऊ वेळा मारले, पडद्याबाहेर एकदाच.

ते असे. शेवटच्या चित्रपटात मी मेलेला सरदार होतो. माझी बायको लिओनी माझ्या अंगावर पडून रडत होती, फिर्मँ तिला सावरत होता. आमच्या धंद्यात तोंडाने काहीही बोलले तरी चाले. लोक मध्येच पडद्यावर येणारी संवादाची पाटी वाचत. नटांना रडू यावे म्हणून शेजारी व्हायोलिन वाजत होते, त्यामुळे मला काहीच ऐकू आले नाही. मी आपला प्रामाणिकपणे मेलो होतो.

चित्रपट लागला. पाटी आली, "देवा, याच्याऐवजी मला ने!" सारे थिएटर रडले. बाहेर पडताना दाराशी आमच्या कंपनीचे कपडे शिवणारी बर्टिल ऑदिबेर भेटली. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठ वाचते.

"साहेब, बाई म्हणाल्या, 'मंगळवारी हा लिऑनला चाललाय, मागच्या दारानं ये.' आणि फिर्मँसाहेब म्हणाले, 'अगं, आधी नीट रड!' हे गोष्टीत कुठं बसतं?"

त्या मंगळवारी मी खरेच लिऑनला गेलो होतो, लिओनीसाठी रेशीम आणायला. घरी येऊन विचारले, तर म्हणते, "मग काय करणार? तू तर मेला होतास!" दुसऱ्या दिवशी ती फिर्मँकडे राहायला गेली. दोघांनी केसाने गळा कापला. पंधरा वर्षे झाली, राग तसूभर कमी नाही. कादंबरीत माणसे मी लिहीन तेच बोलतात, म्हणून लेखणी धरली.

कलम तीन. डोंगरावरचे घर. अंत्यविधीला पेटीचे झाकण उघडे ठेवावे. ती दोघे पवित्र पाणी शिंपडायला येतील, तेव्हा बर्टिलला समोर बसवावे. लिओनीच्या ओठांवर एकदा जरी माझे नाव आले, तर घर तिचे. नाहीतर शाळेचे. बर्टिल सांगेल तेच खरे धरावे.

कलम चार. हे कलम नोटरींनी फक्त बर्टिलला दाखवावे. बर्टिल, नाव आले नाही, तरी आले म्हण.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिले.

साक्षीदार: पास्कल इस्नार, पाववाला, ओनोरिन जिरो, शेजारीण
सही: अँसेल्म रुबो
नीस, ४ नोव्हेंबर १९३७