मोटार आणि तिच्या पोटातली दोन पिंपे

मी, वैजीनाथ वल्द व्यंकटराव, वय सत्तावीसच्या आसपास, धंदा आजवर एक ठरला नाही, राहणार मोटार, जी सध्या मौजे चुडावा येथे स्टेशनाच्या अलीकडे लवणाच्या, म्हणजे पावसाचे पाणी वाहणाऱ्या खोलगटीच्या, काठी उभी आहे, जिल्हा परभणी, इलाखा हैदराबाद, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ताप संध्याकाळी चढतो म्हणून सकाळीच लिहायला बसलो आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस दिलेली नाही. फूस द्यायला माझ्या दारात येतो कोण? पूर्णेच्या डॉक्टरने छाती ठोकून पाहिली आणि मला काही न सांगता कोकिळेला बाहेर बोलावले, तेव्हा समजायचे ते समजलो. मदरशात उर्दू तेवढी शिकलो, मराठी मी सिनेमाचे फलक रंगवता रंगवता शिकलो. म्हणून अक्षर मोठे येते आणि शुद्ध येत नाही. वकिलाने हसू नये.

कलम पहिले, मोटार. मी घरातून पळालो आणि एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत लागलो, हे सगळ्यांना माहीत आहे. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मालकाने तंबूचे सामान आणि माणसे वाहणाऱ्या बसमोटारीच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. ती भट्टी पेटवायला माणूस पाहिजे, तो मी. चारठाण्याला खेळ लावला होता तेव्हा मी तिथल्या देवळाच्या खांबांवरचे कोरीव काम बघत दिवसभर बसलो आणि इकडे भट्टी विझली. मालकाने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. खांब मात्र बघण्यासारखे आहेत. असो. पुढे भट्टीला चीर गेली, इंजिनाने दम सोडला, आणि मालक म्हणाला, "ही धोंड तूच घे." तसे त्याने लिहून दिले आहे. कागद देवाच्या फोटोमागे आहे. पूर्णेच्या महेबूब मिस्त्रीने तिला बैल जुंपून इथवर ओढून आणली. दोन सोडून बाकीची बाकडी मी काढली, खिडक्यांना पोत्याचे पडदे केले, चूल दाराशी केली. ही मोटार, तिचे छप्पर, चाके, आतली भांडी आणि माझी हत्यारे मी माझी पत्नी कोकिळा हिला देतो.

पत्नी हा शब्द मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला आहे. ती बालविधवा होती, मी तिच्याशी पाट लावला, पूर्णेत चारचौघांसमोर लावला. माझे थोरले बंधू दिनकरराव तिला "ती ठेवलेली" म्हणतात. तिच्या माहेराने तिचे नाव टाकले आहे. मोटार गेली तर तिला या जगात पाठ टेकायला जागा नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्या मागे दादाने मोटार भंगारात घालायची आणि हिला हाकलायचे, असे तो चावडीवर बोलून बसला आहे. लवणाकाठचा हा तुकडा वडिलांनी हयातीत मला तोंडी दिला. वाटणी कागदावर झालेली नाही, पण माझा निम्मा हिस्सा कोणी इनकार करू शकत नाही. त्या हिश्श्यात हा तुकडा धरावा आणि कोकिळेच्या नावे करावा.

कलम दुसरे, पिंपे. मोटारीखाली दोन पिंपे टांगली आहेत. लोकांना यावरूनच सगळी तकरार आहे, तेव्हा नीट लिहितो.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गावच्या बायकांनी कोकिळेला आपल्याबरोबर परसाकडे येऊ दिले नाही. पाटाची बाई, सावली पडते म्हणे. ती एकटी लांब रुळाच्या पलीकडे जायची आणि पोरे खडे मारायची. एक दिवस कपाळ फुटून आली. त्या दिवशी मी मोटारीच्या मागच्या कोपऱ्यात पत्रा कापला, फळीला भोक पाडून बैठक केली, वर झाकण, पुढे पोत्याचा पडदा, आणि खाली रस्त्याच्या कामावरचे डांबराचे रिकामे पिंप पट्ट्यांनी टांगले. ते मैल्याचे. दुसरे घासलेटचे डबे जोडून केले, त्याला रेडिएटरचा नळ बसवला. ते मोरीचे, अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचे.

कोकिळे, तुला हे सगळे येते, पण माझ्या मागे कोणी मदतीला आले तर त्याला हे वाचून दाखव. दोन्ही पिंपांचे पाणी कधी एकात करू नये. साबणाचे पाणी मैल्यात गेले की पिंप पातळ होते, हिंदकळते आणि खड्ड्यात जिरत नाही. मी सुरुवातीला केले होते, आठवडाभर आपण नाकाला पदर लावून जेवलो. प्रत्येक वेळी चुलीची राख मूठभर टाकावी. पिंपाला बोटाने वाजवून बघावे. पोकळ वाजले तर जागा आहे, मातीच्या घड्यासारखे मुके वाजले तर त्याच दिवशी उपसावे, काठोकाठ भरू देऊ नये. छपराच्या वर काढलेल्या नळीला कापड बांधलेले राहू दे, नाहीतर डास होतात. नळी कोंबू नये, कोंबली की हवा झाकण उचलते. खड्डा काळ्या रानात खणू नये. काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि सगळे वर येते. रुळाच्या बाजूला मुरूम आहे तिथे खणावा, विहिरीपासून लांब, उताराला. वर माती, मातीवर काटे. पुढचा पावसाळा सरेपर्यंत उकरू नये. मग हात घातला तरी वास येत नाही, शेतातली मातीच वाटते. मोरीचे पाणी लिंबाच्या रोपांना. ती रोपेही तुझी.

उपसायचे काम मी स्वतः केले. खेड्यात हे काम करणारा माणूस नसतो, आणि असता तरी मी त्याला बोलावले नसते, कारण खाल्ले मी होते. यावरून पंचांनी मला वाळीत टाकले. दादानेच बोलावून आणले त्यांना. विहिरीचे पाणी बंद, न्हावी बंद. "व्यंकटरावाच्या पोटचा पोरगा, आन मैला उपसतो?" असे पाटील म्हणाले. मी म्हटले, "तुमचा कोण उपसतो, पाटील? डुकरं?" हे बोलायला नको होते असे कोकिळेचे मत आहे. माझे तसे नाही. शहरात जी माणसे पिढ्यान्पिढ्या हे काम करतात त्यांना रोज काय ऐकावे लागत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

कलम तिसरे, आई. हे कलम मिळकतीचे नाही, पण याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमची आई पार्वतीबाई हिला लकवा झाला. एक अंग गेले. दादाच्या घरात आठ खणांचा माळा आहे, पितळी कड्या आहेत, पण बसायला आडोसा नाही. वहिनी कमलबाई एकट्या तिला उचलायच्या, धुवायच्या, आणि दादा ओसरीवर नाक धरून बसायचा. एके दिवशी दुपारी गाव जेवत असताना बैलगाडी मोटारीपाशी येऊन थांबली. गाडीत आई. दादा खाली उतरलासुद्धा नाही.

"तुज्याकडं ते हाय ना, ते... बैठकीचं. ठिव तिला चार दिवस," तो म्हणाला.

"वाळीत टाकलेल्याच्या घरी?" मी विचारले.

"आईला काय वाळीत टाकलंय का?" म्हणाला आणि बैल वळवले.

आई आधी आत यायला तयार होईना. देव्हारा आणि संडास एका छपराखाली, हे तिला पटेना. मग तिनेच तोड काढली. देव उचलून ड्रायव्हरच्या पुढच्या फळीवर ठेवायला लावले. "देव पुडं, ते मागं, आन मधी आपण," म्हणाली. कोकिळेने तिला पहिल्यांदा बैठकीवर बसवले तेव्हा आत बराच वेळ काही आवाज नाही. मी घाबरून विचारले, "आई, काय झालं गं?" तर आतून म्हणते, "गप ऱ्हा. इतक्या दिसांनी कुणाला न भिता बसलेय. लाटसाब बी असाच बसत आसंल."

चार दिवसांची आई पावसाळा आणि हिवाळा काढून गेली. तिच्यासाठी पिंप लवकर भरायचे, मी उपसायचो. ज्या सुनेच्या सावलीला ती भ्यायची तिच्या मांडीवर तिने जीव सोडला. दादाला निरोप धाडला तेव्हा तो आला, सोबत गाव घेऊन आला. प्रेत मोटारीतून उचलून वडिलांच्या घरासमोर नेले. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर दादाने हात आडवा घातला.

"मैला उपसलेल्या हातानं तिरडीला शिवायचं न्हाई."

"दादा, तो मैला आईचाच व्हता."

तिरडी उठली. मी मागे चालत गेलो, तेही लांबून. त्या दिवसानंतर माझ्या छातीत जे बसले ते डॉक्टर वेगळ्या नावाने ओळखतो.

कलम चौथे, दिनकरराव. गेल्या साली पावसाळा सरल्यावर मी खड्डा उकरायला गेलो तर खड्डा रिकामा. गाडीच्या चाकोऱ्या सरळ दादाच्या मिरचीच्या रानात गेलेल्या. मिरची कमरेएवढी झाली, पूर्णेच्या बाजारात तिचे नाव निघाले. माझ्या हाताचा विटाळ होतो, माझ्या खड्ड्याचा होत नाही. मी त्याला रस्त्यात गाठून विचारले तर म्हणाला, "सोनखत हाय ते. रानात पडलेलं, कुणाचं बी आसतंय." दादा, ते कोणाचे होते हे तुला माहीत आहे. त्या मिरचीत आपली आई आहे. जेवताना ठसका लागला तर आठवण ठेव.

म्हणून माझ्या बंधूंना मी पुढीलप्रमाणे देतो. माझ्या प्रेताला खांदा देण्याचा हक्क देत नाही. माझ्या नावाने केस काढण्याचा हक्क देत नाही. मोटारीवर किंवा लवणाकाठच्या तुकड्यावर त्यांना दावा लावायचा असेल तर जरूर लावावा, मात्र त्याआधी त्यांनी एक वेळ, दिवसाउजेडी, पाटील आणि पंचांच्या समोर, मैल्याचे पिंप स्वतःच्या हाताने उपसून, मुरमात खड्डा खणून बुजवावे. ते केले तर माझी कोकिळेला सूचना आहे की तिने त्यांना हात धुवायला पाणी द्यावे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. ऐकून घ्यावे एवढेच. मोटार देऊ नये.

मला कोणी उचलायचे ते महेबूब मिस्त्री बघेल. तो म्हणतो, "तेरेकू मैं अकेला उठा लेतूं, वजनच क्या रहा तुज में?" खरे आहे.

रोख शिल्लक नाही. गाण्याच्या दोन तबकड्या आहेत, वाजवायचा फोनो मालकाकडेच राहिला. तबकड्या मिस्त्रीला. त्याने त्यावर खिळे-चाक्या ठेवल्या तरी चालेल.

साक्षीदारांविषयी. कायद्याला दोन पाहिजेत असे मिस्त्री सांगतो. एक तो स्वतः. हल्लीच्या हिंदू-मुसलमान तेढीच्या दिवसांत त्याने माझ्यासाठी दस्तखत करावी आणि मी त्याला करू द्यावी, यावरून दोन्हीकडचे लोक आम्हाला शहाणपण शिकवून गेले आहेत. दुसऱ्यासाठी मी गावात फिरलो. शाळामास्तर म्हणाले, टाक मोडला. मी माझा पुढे केला, तर म्हणाले, हातच दुखतोय. स्टेशनवरचा कारकून म्हणाला, सरकारी माणसाला चालत नाही. बाकीच्यांनी मला बघून दार लावले. साक्षीवाचून हा कागद म्हणजे चूल पेटवायचा कागद, आणि कोकिळा उघड्यावर.

इथवर लिहून झाल्यावर आज मी हे सगळे मिस्त्रीला मोठ्याने वाचून दाखवले. वाचून संपले तेव्हा मागच्या कोपऱ्यातला पडदा हलला आणि कमलबाई वहिनी हातात तांब्या घेऊन बाहेर आल्या. गडबडीचे दिवस आल्यापासून गावच्या बाया अंधारात परसाकडे जायला भितात. वहिनींना दिवस गेलेले आहेत, त्या महिन्याभरापासून रोज लिंबाच्या रोपांआडून मोटारीत येतात. कोकिळा त्यांना नाही म्हणत नाही. मी बघितले नाही असे करतो. आज आत त्या आहेत हे मला ठाऊक नव्हते. सगळे ऐकले त्यांनी.

"भाऊजी, मी देते अंगठा," म्हणाल्या.

कोकिळा म्हणाली, "अक्का, नगं. घरी तुमाला जित्तं ठिवतील का?"

"आत्याबाईला मी धुतलंय, तू धुतलंय. त्येनी कधी हात तरी लावलाय का? आना ती शाई."

मिस्त्रीने विचारले, "भाबी, कोर्ट में पूछेंगे तो क्या बोलेंगे? कां मिले थे ये लोगां?"

"सांगीन. संडासात."

मिस्त्री हसला, मग मीही हसलो आणि खोकत बसलो. वहिनींना या कागदाने काही मिळत नाही, म्हणून त्यांची साक्ष चालते. मी त्या दोघांसमोर सही केली, मग मिस्त्रीने केली. वहिनींच्या नावापुढे मी नुसते कमलबाई, राहणार चुडावा, एवढे लिहीत होतो, त्यांच्यावर बालंट नको म्हणून. त्यांनी टाक धरला.

"पुरं लिवा. कोर्टात कमलबाई लय आसतील."

"कोणाची बाई ते काय लिहू?" मी विचारले, कारण बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते आणि वहिनींनी लग्नापासून ते कधी घेतलेले नाही.

"दिनकरराव," त्या म्हणाल्या. मोठ्याने, उखाणा न घेता. मग अंगठा टेकवला.

वर लिहिलेले मी वाचून, ऐकवून, समजून सही करीत आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, याच्यानंतर करायला सवड मिळेल असे वाटत नाही.

मुक्काम मोटार, मौजे चुडावा, जिल्हा परभणी.
चैत्र वद्य पंचमी, फसली १३५७.

सही: वैजीनाथ वल्द व्यंकटराव

साक्षीदार: शेख महेबूब, मोटार मिस्त्री, राहणार पूर्णा. सही उर्दूत.

साक्षीदार: कमलबाई भ्रतार दिनकरराव, राहणार चुडावा. हिच्या अंगठ्याची निशाणी. भ्रताराचे नाव साक्षीदाराने स्वतः उच्चारून लिहिण्यास सांगितले.